घरझडती: पोलीस दारात आले तर आपले अधिकार कोणते?

अनघा_दे (धागाकर्ती)

माझ्या एका मैत्रिणीच्या भाड्याच्या घरी पोलीस येऊन झडती घेऊन गेले. गुन्हा तिच्यावर नव्हता. तिच्याबरोबर राहणाऱ्या मुलीच्या भावावर फसवणुकीची तक्रार होती आणि त्याची कागदपत्रं या घरात असावीत असा संशय होता. आलेल्यांपैकी काही जण साध्या वेशात होते. "नुसतं बघून जातो" म्हणाले, कपाटं उघडली आणि एक लॅपटॉप व एक फाइल घेऊन गेले. पंच होते की नव्हते, हे तिला आजही सांगता येत नाही. एका कागदावर सही घेतली, तो धड वाचू दिला नाही आणि त्याची प्रतही दिली नाही.

लॅपटॉप आज ना उद्या परत मिळेल. पण त्या घरातून नक्की काय नेलं, याचा एकही कागद तिच्याकडे नाही. उद्या कोणी म्हणालं की आणखीही काही सापडलं होतं, तर ती काय दाखवणार? या एका प्रश्नाने मला झोप येईना, म्हणून मी कायदा मुळातून वाचायला घेतला.

१ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता (पुढे फक्त 'संहिता' म्हणते) लागू झाली आहे. झडती कशी घ्यायची हे सांगणारं जुनं कलम १०० आता १०३ झालंय, आणि पोलिसांच्या वॉरंटशिवाय झडतीच्या १६५ चं १८५. शिवाय कलम १०५ पूर्णपणे नवीन आहे: झडती आणि जप्तीची सगळी प्रक्रिया, अगदी वस्तूंची यादी करणं आणि तिच्यावर पंचांच्या सह्या घेणं इथपर्यंत, ऑडिओ-व्हिडिओ रेकॉर्ड झालीच पाहिजे. मोबाइलवर केलं तरी चालतं. ते रेकॉर्डिंग विलंब न लावता दंडाधिकाऱ्यांकडे पाठवायचं असतं. मैत्रिणीच्या घरी कुणाच्याही हातात कॅमेरा चालू नव्हता.

इथे वकील आहेत, पोलीस खात्यात नोकरी केलेलेही आहेत. दारात उभं राहून सामान्य माणसाने नेमकं काय म्हणायचं, एवढं कळलं तरी पुष्कळ झालं.

तळमजला

सोपं आहे. वॉरंट दाखवा, नाहीतर दार उघडत नाही. घर माझं आहे.

अॅड_सुमेधा

तळमजला, हा सल्ला कृपा करून कुणाला देऊ नका. यातून माणसं नाहक अडकतात.

झडती दोन मार्गांनी होते. पहिला मार्ग न्यायालयाच्या वॉरंटचा, कलम ९६ आणि ९७. वॉरंट असेल तर ते हातात घेऊन वाचा. पत्ता तुमचाच आहे का, कशाचा शोध घ्यायचा आहे, सही-शिक्का कुणाचा आहे, आणि झडती ठरावीक खोलीपुरती आहे का, हे सगळं बघा. न्यायालय वॉरंटमध्ये जागेचा विशिष्ट भाग नेमून देऊ शकतं, आणि तसा दिला असेल तर झडती तेवढ्याच भागाची.

दुसरा मार्ग कलम १८५ चा, आणि प्रत्यक्षात बहुतेक घरझडत्या याखालीच होतात. इथे वॉरंट लागत नाही. पण याचा अर्थ मनात आलं आणि घुसले, असा मुळीच नाही. ठाण्याचा प्रभारी किंवा तपासी अधिकारी यांना वाजवी कारणाने वाटलं पाहिजे की तपासाला आवश्यक वस्तू त्या जागेत आहे, आणि ती इतर मार्गाने अवाजवी उशीर न होता मिळणार नाही. ही कारणं त्यांनी आधी केस डायरीत लिहायची असतात, शक्यतो वस्तूच्या उल्लेखासह. झडती शक्यतो स्वतः घ्यायची. हाताखालच्याला पाठवायचं झालं तर तसं का करावं लागतंय ते लिहून त्याला लेखी आदेश द्यायचा. आणि या नोंदीची प्रत ४८ तासांच्या आत जवळच्या सक्षम दंडाधिकाऱ्यांकडे गेली पाहिजे. जुन्या कायद्यात नुसतं 'तत्काळ' होतं, आता तासांची मर्यादा आली.

आणखी एक गोष्ट लोकांना माहीतच नसते. कलम १८५ चा अधिकार ज्या गुन्ह्याचा तपास पोलीस करू शकतात त्यापुरताच आहे. अदखलपात्र गुन्हा असेल तर कलम १७४ प्रमाणे दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय तपासच करता येत नाही. मग त्यातली झडती कुठून येणार? म्हणून दारात विचारायचा पहिला प्रश्न असा: "साहेब, गुन्हा रजिस्टर नंबर काय आणि कलमं कोणती?" आवाज न चढवता विचारा आणि उत्तर लिहून ठेवा.

आता दार न उघडण्याबद्दल. कलम १०३ नुसार बंद जागेचा ताबा असलेल्याने कायदेशीर झडतीसाठी आत येऊ द्यायचं असतं. नकार दिला तर दार तोडण्यापर्यंतचा अधिकार त्यांच्याकडे आहे. वर सरकारी कामात अडथळा म्हणून भारतीय न्याय संहितेचं (जुन्या दंड संहितेच्या जागी आलेला, गुन्हे आणि शिक्षा सांगणारा कायदा) कलम २२१ लागू शकतं, आणि धक्काबुक्की झालीच तर १३२, ज्यात दोन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. साठच्या दशकातल्या राधा किशन निकालात सर्वोच्च न्यायालयाने बेकायदा झडतीला विरोध करता येतो असं म्हटलं आहे, हे खरं. पण दारात उभ्या असलेल्या माणसाला ती झडती बेकायदा आहे की नाही हे कळायला मार्गच नसतो, केस डायरी त्याच्या हातात नसते. म्हणून मी अशिलांना एकच सांगते: शब्दांनी आक्षेप घ्या, अंगाने अडवू नका, आणि प्रत्येक गोष्ट कागदावर येईल असं बघा.

तळमजला

ताई, मान्य. पण "नुसतं बघून जातो" म्हणतात तेव्हा? तेव्हा ना वॉरंट, ना १८५.

अॅड_सुमेधा

तेव्हा स्पष्ट विचारायचं: "ही झडती आहे का? असेल तर कोणत्या कलमाखाली?" आणि म्हणायचं, "माझी स्वतःहून संमती नाही. कायद्याने तुम्हाला अधिकार असेल तर मी अडवणार नाही, पंच बोलवा आणि रेकॉर्डिंग सुरू करा." हे शेवटचं वाक्य पाठच करून ठेवा. त्यात नकारही आहे आणि अडथळाही नाही. नुसती चौकशी असेल तर ती दारात उभं राहूनही होते.

निवृत्त_अंमलदार

खात्यात आयुष्य गेलं, म्हणून दुसरी बाजू सांगतो. सुमेधाताईंनी सांगितलेलं सगळं बरोबर आहे, आणि व्यवस्थित काम करणाऱ्या अधिकाऱ्याला या प्रश्नांचा राग येत नाही. ज्याला येतो त्याचा पंचनामा कोर्टात टिकत नाही, हे मी साक्षीच्या पिंजऱ्यात उभं राहून पाहिलेलं आहे.

चांगली घरझडती कशी होते ते सांगतो. दारातच ओळख द्यायची. त्याच भागातले दोन पंच बोलवायचे. कायदा म्हणतो 'स्वतंत्र आणि प्रतिष्ठित' रहिवासी, दोन किंवा अधिक. त्या भागातलं कुणी तयार नसेल तरच दुसरीकडचे. आत शिरण्याआधी पोलीस पथकाने पंचांना आणि घरमालकाला स्वतःची अंगझडती द्यायची, म्हणजे आम्ही खिशातून काही आणून ठेवलं नाही हे दिसतं. ही जुनी आणि चांगली पद्धत आहे. घरच्यांनी ती नम्रपणे मागावी, "साहेब, आत येण्याआधी पंचांसमोर तुमची अंगझडती होऊ द्या." बहुतेक जण नाही म्हणत नाहीत.

मग एका वेळी एकच खोली. चार जण चार खोल्यांत पांगले तर घरचा माणूस कुणावर लक्ष ठेवणार? झडतीच्या वेळी घरात राहणाऱ्याला किंवा त्याच्या वतीने कुणाला तरी हजर राहू देणं बंधनकारक आहे. कायद्याचा शब्द आहे 'प्रत्येक प्रसंगी'. "तुम्ही बाहेर थांबा" हे चालत नाही. एकेक खोली घ्या, आम्हाला समोर उभं राहू द्या, एवढी मागणी रास्तच आहे.

पंचनामा जागेवरच लिहायचा. वस्तू कुठे सापडली तेही त्यात आलं पाहिजे. 'घरातून लॅपटॉप' एवढ्याने भागत नाही, 'आतल्या खोलीतल्या टेबलाच्या दुसऱ्या खणातून अमुक कंपनीचा, अमुक सिरियल नंबरचा' असं हवं. ठाण्यात नेऊन लिहिलेला पंचनामा आणि ठाण्याच्या ओळखीतले नेहमीचेच पंच, या दोन गोष्टींनी खात्याचं जेवढं नाव गेलं तेवढं दुसऱ्या कशाने गेलं नसेल. हे मला मनापासून लागतं म्हणून लिहितोय.

ओंजळ

काका, फार उपयोगी लिहिलंत. मला उलट बाजूचा प्रश्न आहे. शेजारच्या घराची झडती होती आणि माझ्या वडिलांना पंच म्हणून बोलावलं. ते घाबरून गेले नाहीत. तो गुन्हा होतो का?

निवृत्त_अंमलदार

लेखी आदेश दिला होता का? कलम १०३ मध्ये पंचाला लेखी आदेश दिल्यावर त्याने वाजवी कारणाशिवाय नकार दिला, तरच तो गुन्हा ठरतो, भारतीय न्याय संहिता कलम २२२ खाली. नुसत्या तोंडी बोलावण्याला नाही म्हटल्याने काही होत नाही. पण माझं मत विचाराल तर वडिलांनी जायला हवं होतं. शेजारच्या घरावर असा प्रसंग आला असताना तिथे एक प्रामाणिक माणूस उभा राहिला, तर त्या कुटुंबाचंही भलं होतं आणि तपासाचंही. पंचाने दोन गोष्टी पाळाव्यात: डोळ्यांनी पाहिलं तेवढ्यावरच सही, आणि कोऱ्या कागदावर कधीच नाही. विशेष समन्स आल्याशिवाय पंचाला कोर्टात जावं लागत नाही, हेही त्याच कलमात आहे.

निशिगंधा७

बायकांच्या बाबतीत नियम काय? रात्री पोलीस येऊच शकत नाहीत ना?

अॅड_सुमेधा

इथे दोन नियमांची नेहमी गल्लत होते. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी स्त्रीला अटक करायची नाही, हा नियम कलम ४३ मधला. अपवादात्मक परिस्थितीत महिला पोलीस अधिकाऱ्याने दंडाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लेखी घ्यायची असते. घराच्या झडतीला संहितेत अशी सरसकट रात्रबंदी नाही. अमली पदार्थांच्या कायद्यात मात्र आहे. तिथे कलम ४२ नुसार सूर्यास्तानंतर वॉरंटशिवाय शिरायचं असेल, तर वॉरंट आणायला गेल्यास पुरावा लपवला जाईल असं का वाटतं, ते आधी नोंदवावं लागतं.

अंगझडती स्त्रीची असेल तर ती स्त्रीनेच, मर्यादा सांभाळून घ्यायची. यात तडजोड नाही. महिला पोलीस आलेली नसेल तर ती येईपर्यंत थांबा म्हणा. शिवाय घराची झडती म्हणजे घरातल्या प्रत्येकाची अंगझडती नव्हे. ज्याने वस्तू अंगावर लपवल्याचा वाजवी संशय आहे, त्याचीच. पडदा पाळणाऱ्या स्त्रीची खोली असेल तर दार तोडण्याआधी तिला बाहेर पडायची सूचना आणि सोय द्यावी लागते.

अमली पदार्थांच्या संशयावरून अंगझडती असेल तर आणखी एक हक्क आहे. राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकाऱ्यांसमोर झडती मागता येते, आणि तसा हक्क आहे हे पोलिसांनी तुम्हाला सांगावं लागतं. ते सांगणं बंधनकारक असल्याचं बलदेव सिंग प्रकरणात १९९९ साली घटनापीठाने ठरवलं. मात्र हे अंगावरच्या झडतीपुरतं आहे, हातातल्या बॅगेला लागू नाही.

कोरा_कागद

माझा प्रश्न फोनचा. आजकाल घरापेक्षा फोनमध्येच जास्त असतं. पासवर्ड मागितला तर?

अॅड_सुमेधा

नव्या संहितेच्या कलम ९४ मध्ये इलेक्ट्रॉनिक संवाद आणि डिजिटल पुरावा असू शकणारी उपकरणं स्पष्टपणे घातली आहेत. त्यामुळे फोन मागता येतो, जप्तही करता येतो. पासवर्डचं तसं नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद २०(३) नुसार आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडता येत नाही, आणि २०१० च्या सेल्वी निकालाने नार्को चाचणीसारख्या गोष्टींच्या सक्तीला याच आधारावर नकार दिला. पासवर्ड डोक्यात असतो, म्हणून तो सांगायला लावणं ही साक्षच आहे, असा युक्तिवाद होतो. न्यायालयांचे निकाल यावर एका सुरात नाहीत. म्हणून दारात "देणारच नाही" किंवा "घ्या" यापैकी काहीही न म्हणता "वकिलाशी बोलून लेखी उत्तर देते" म्हणा. ९ न्यायमूर्तींच्या पीठाने २०१७ मध्ये पुट्टस्वामी प्रकरणात खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला आहे, तेव्हा हा आग्रह निराधार नाही.

उपकरण नेताना पंचनाम्यात काय यावं, यावर जास्त भर द्या. मॉडेल, आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक) किंवा सिरियल नंबर, त्या वेळी चालू होतं की बंद, सिम आणि मेमरी कार्ड आत होतं का, हे सगळं. पंचांसमोर सीलबंद करून सीलवर पंचांच्या सह्या. आणि हॅश व्हॅल्यू मागा. हा डेटाच्या बोटांच्या ठशासारखा आकडा असतो, नंतर एक अक्षर जरी बदललं तरी तो जुळत नाही. नव्या साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ च्या प्रमाणपत्रातही हॅश व्हॅल्यू द्यावी लागते, म्हणजे तुम्ही काही जगावेगळं मागत नाही.

पायवाट

मधेच एक लिहिते, कारण आमच्या ओळखीत घडलंय. व्हिडिओ कॉलवर गणवेश घातलेला माणूस "तुमच्या घराची ऑनलाइन झडती चालू आहे, कॅमेऱ्यासमोरून हलू नका" म्हणतो. कायद्यात अशी झडती नाही, 'डिजिटल अटक'ही नाही. फोन बंद करा आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवा. प्रत्यक्ष दारात आलेल्या माणसांबद्दल शंका असेल तर ओळखपत्र बघा आणि ११२ वर फोन करून खात्री करून घ्या. विशेषतः घरी एकटे ज्येष्ठ असतील तर हे त्यांना आजच सांगून ठेवा.

तळमजला

सुमेधाताई, एक मूळ प्रश्न राहिला. पंच नाहीत, रेकॉर्डिंग नाही, कारणं लिहिलेली नाहीत. तरी जे सापडलं ते कोर्टात चालणार? मग या कलमांचा उपयोग काय?

अॅड_सुमेधा

कटू आहे, पण खरं सांगते. आपल्याकडे बेकायदा झडतीत सापडलेला पुरावा केवळ त्या कारणाने बाद होत नाही. १९७३ च्या पूरणमल निकालापासून कसोटी एकच आहे: पुरावा प्रकरणाशी संबंधित आहे का. राधा किशन प्रकरणातही न्यायालयाने म्हटलं की नियम मोडले असतील तर जप्तीच्या पुराव्याकडे अधिक काळजीपूर्वक पाहिलं जाईल, त्यापुढे काही नाही. मला स्वतःला हे अपुरं वाटतं. नियम मोडण्याची किंमत मोडणाऱ्याला मोजावी लागली नाही, तर नियम पाळायचं कारणच उरत नाही.

पण "अधिक काळजीपूर्वक" हे शब्द पोकळ नाहीत. खटल्यात जप्ती सिद्ध करायची जबाबदारी सरकार पक्षाची असते. पंच उलटले, यादी आणि मुद्देमाल जुळला नाही, कायद्याने बंधनकारक असलेलं रेकॉर्डिंगच नाही, तर सापडलं म्हणणाऱ्याच्या शब्दावर न्यायालय किती विसंबणार? म्हणूनच मी कागदाचा एवढा आग्रह धरते. शिवाय तपासाच्या पद्धतीबद्दलचा कायद्याचा निर्देश जाणूनबुजून मोडून कुणाचं नुकसान करणाऱ्या लोकसेवकाला भारतीय न्याय संहितेच्या कलम १९९ खाली सहा महिने ते दोन वर्षं सक्तमजुरी आहे. तक्रार वरिष्ठ अधिकाऱ्यांकडे, पोलीस तक्रार प्राधिकरणाकडे किंवा थेट न्यायालयात करता येते.

अनघा_दे (धागाकर्ती)

सगळ्यांचे आभार मानावे तेवढे थोडे. आता मैत्रिणीने काय करायचं? झडती होऊन गेली, सहीही झाली. सहीमुळे ती अडकली का?

अॅड_सुमेधा

नाही. यादीवर सह्या लागतात त्या पंचांच्या. घरातल्या माणसाची सही बहुतेक वेळा प्रत मिळाल्याची पोच म्हणून घेतात, आणि प्रत मिळालीच नसेल तर तसं लगेच लेखी कळवायचं. पोलिसांसमोरची कबुली पुरावा म्हणून चालत नाही. मात्र पुढे कुणाला सही करायची वेळ आली तर आधी पूर्ण वाचा, 'प्रत मिळाली' असं लिहून तारीख-वेळ टाका, आणि मोकळ्या ओळी रेघ मारून बंद करा.

तिने आता तीन अर्ज करायचे. पहिला ठाण्यात: पंचनाम्याची आणि जप्तीच्या यादीची प्रत मिळावी, रेकॉर्डिंग जतन करावं. आवकचा शिक्का घेतल्याशिवाय परत यायचं नाही. ठाण्यात घेतला नाही तर रजिस्टर पोस्टाने पाठवायचा. दुसरा दंडाधिकाऱ्यांकडे, कलम १८५(५) खाली. मसुदा असा:

"विषय: झडतीच्या नोंदीची प्रत मिळणेबाबत. मी अर्जदार सदर जागेत भाडेकरू म्हणून राहत असून दिनांक ... रोजी ... पोलीस ठाण्याच्या अधिकाऱ्यांनी तेथे झडती घेतली. झडतीपूर्वी नोंदवलेल्या कारणांची प्रत मा. न्यायालयास प्राप्त झाली असल्यास ती भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, कलम १८५(५) अन्वये मला विनामूल्य मिळावी. तसेच कलम १०५ प्रमाणे झडतीचे ध्वनिचित्रमुद्रण प्राप्त झाले आहे किंवा कसे, हे कळावे."

मालक असणं गरजेचं नाही, राहणाऱ्यालाही हा हक्क आहे. आणि न्यायालयाकडून "अशी नोंद आलेली नाही" एवढंच उत्तर मिळालं, तर ते जपून ठेवा, पुढे तेच सर्वांत मोठं कामी येईल.

तिसरा अर्ज लॅपटॉप परत मिळण्यासाठी. जप्ती दंडाधिकाऱ्यांना कळवलेली असेल आणि खटला अजून उभा नसेल तर कलम ५०३ खाली. सुंदरभाई देसाई प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच सांगितलंय की मुद्देमाल ठाण्यात कुजत ठेवू नये, फोटो आणि पंचनामा करून, बंधपत्र घेऊन परत द्यावा. खरेदीची पावती शोधून ठेवायला सांगा. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, दूरध्वनी १५१००. स्त्रियांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

अनघा_दे (धागाकर्ती)

पावती आहे. सोमवारी दोघी मिळून न्यायालयात जातोय. काय उत्तर मिळतं ते इथेच लिहीन.